त्याला जेरबंद केला

माझ्या नोकरीविषयी लिहायचे तर पहिले नाव नागोजीअण्णांचे घ्यावे लागेल. ते माझे शिक्षक नव्हते, साहेब नव्हते, नात्यातले तर नव्हतेच. बंगळूरच्या शिवाजीनगरात त्यांचे खोगीर, लगाम आणि घोड्याचे इतर सामान शिवण्याचे दुकान होते. शाळेतल्या गुरुजींनी मला अक्षर दिले. वडिलांनी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पाठ झिजवून मला बी. ए. होऊ दिले. त्या दोघांना मी रोज आठवतो. पण ज्या कामावर मी आयुष्यभर पोट भरले, ते काम मला नागोजीअण्णांनी शिकवले. आणि त्याआधी माझ्या एका ओळीमुळे ते सहा दिवस तुरुंगात राहिले.

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमची निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. आमच्या भागातले मराठी कागद बंगळूरला जाऊ लागले आणि ते इंग्रजीत करणारी माणसे सरकारला हवी झाली. मी मराठी शाळेत शिकलेला, गल्लीत कानडी बोलत वाढलेला, आणि इंग्रजी पदवीपुरते शिकलेला. जागा मिळाली. मोटार स्टँडवर मला निरोप द्यायला अर्धी गल्ली आली होती. आमच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसणारा मी पहिलाच. त्यामुळे ती खुर्ची हलली तर काय, ही धास्ती मी निपाणीहूनच बरोबर घेऊन निघालो होतो.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात माझे काम दोन प्रकारचे. मराठी कागद आला की त्याचे इंग्रजी करून खाली 'हे भाषांतर खरे आहे' असे लिहून सही करायची. आणि मराठी साक्षीदार आला की त्याच्या शेजारी उभे राहून दुभाषीपण करायचे. दुभाष्याचा नियम सोपा असतो आणि पाळायला अवघड असतो. साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचे. तो शिवी देईल तर ती शिवी द्यायची. तो रडला तर आपण रडायचे नाही. पहिल्याच आठवड्यात एका साक्षीदाराचे म्हणणे मी खणखणीत इंग्रजीत सांगितले, "माझी बायको माझ्या चुलतभावाबरोबर पळून गेली." कोर्टात नवीन आलेला एक तरुण वकील दिवसभर माझ्याकडे कळवळून बघत होता. माझे तेव्हा लग्नही झाले नव्हते.

बंगळूरची मराठी एक नव्हती. तीन-चार पिढ्यांपूर्वी तिथे स्थायिक झालेल्या घरांच्या मराठीत कानडी इतके मुरलेले, की बोलणाऱ्याला वेगळे काढता येत नसे. एक हमाल साक्षीत म्हणाला, "मी गोणी उतरत होतो, तेवढ्यात मालक बंद." पोलिसांच्या टिपणात मालकाला कोणीतरी कोंडले असे आले होते. कानडीत 'बंद' म्हणजे 'आला'. मालक आला, इतकेच. उलट सरकारी कारखान्यातले एक पुण्याचे इंजिनियर साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या वाइफनं डोअर ओपन केलं, तेव्हा नेबर ऑलरेडी शाउट करत होता." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून मला विचारले, "यात दुभाष्याने करायचे काय?"

मी म्हणालो, "क्रियापदे, सर."

ते हसले, आणि त्या दिवशी मी खोलीवर जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

याच भरात मी एक तक्ता केला. कोर्टात रोज लागणारे शब्द म्हणजे माणसाचे स्वातंत्र्य जाण्याचे शब्द. अटक, कैद, कोंडणे, डांबणे, अडकवणे, स्थानबद्ध, जेरबंद. डावीकडे लाल शाईने मराठी शब्द, उजवीकडे निळ्या शाईने त्याचा एकच इंग्रजी शब्द. एका शब्दाला एक अर्थ, म्हणजे चूक व्हायला जागाच नको. तक्ता टेबलामागच्या भिंतीवर लावला. एकदा एक म्हातारा साक्षीदार म्हणाला, "लग्न झालं आणि मी अडकलो." तक्त्याप्रमाणे मी सांगितले, की लग्नानंतर यांना ताब्यात घेण्यात आले. साहेबांनी लेखणी थांबवून गंभीरपणे विचारले, "कोणत्या ठाण्यात?" सगळे कोर्ट हसले, मीही हसलो. तक्ता मात्र भिंतीवर तसाच राहिला.

त्यानंतर महिनाभरात नागोजीअण्णांचा कागद माझ्या टेबलावर आला.

तक्रार अशी होती. मुनियप्पा नावाचा जटकेवाला (जटका म्हणजे बंगळूरची घोडागाडी) दोन दिवस घरी गेला नाही. परतल्यावर त्याने बायकोला सांगितले, की शिवाजीनगरच्या खोगीरवाल्याशी भांडण झाले आणि त्याने मला मागच्या अंगणात डांबून ठेवले. बायको आणि मेहुणा त्याला धरून पोलिसांत घेऊन गेले. पोलिसांना अण्णांच्या अंगणात मुनियप्पाचा जटका उभा दिसला. शुक्रवारी अण्णांना अटक झाली. अण्णा कानडी आणि तमिळ सराईत बोलत, पण लिहिता येई ते फक्त मराठी. म्हणून त्यांनी कोठडीतून आपली हकीकत मराठीत लिहून मॅजिस्ट्रेटसाहेबांना पाठवली. तिच्यावर त्यांच्या जामिनाचा निर्णय व्हायचा होता. मंगळवारी सकाळी मी ती वाचली. तिच्यातली ओळन् ओळ मला आजही पाठ आहे.

"मुनियप्पा व त्याचा घोडा मंगळवारी दुपारी माझे दुकानी आले. तो फार मस्तीला आला होता. मान वर टाकी, कोणाला जुमानेना. म्हणून मी त्याला जेरबंद केला व दोन दिवस मागल्या अंगणात बांधून ठेविला. नंतर शांत झाला. यात माझा गुन्हा काय तो सरकारने सांगावा."

मराठी वाचकाच्या ध्यानात येईल, की मराठीत माणूसही 'तो' आणि घोडाही 'तो'. इंग्रजीत तसे चालत नाही. माणसाला 'ही' आणि घोड्याला 'इट' म्हणावे लागते, म्हणजे भाषांतरकाराला तिथे ठरवावेच लागते. मी नुकतीच तक्रार वाचलेली होती. मी 'ही' लिहिले. 'जेरबंद'साठी मान वळवून तक्त्याकडे बघितले. तिथे 'कन्फाइन्ड' होते. "मी त्या माणसाला कोंडले आणि दोन दिवस बांधून ठेवले," असे वाक्य तयार झाले.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती, ती सांगितली पाहिजे. शाळेत शिकलेला माणूस 'त्याला जेरबंद केले' असे लिहील. अण्णांनी 'केला' लिहिले होते. मी मनात म्हणालो, बंगळूरच्या जुन्या घरांचे मराठी, व्याकरण कुठले असणार. गुरुजींची आठवण काढून थोडा हसलोही. आणि खाली सही केली.

अण्णांच्या कबुलीवरून साहेबांनी त्याच दिवशी जामीन नाकारला.

शुक्रवारी दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात एका बाईंनी मला अडवले. नऊवारी लुगडे, हातात पितळेचा डबा. त्या अण्णांच्या पत्नी, गंगूअक्का.

"साहेब, मराठी वाचणारे तुम्हीच न्हवं? स्वल्प थांबा. आमच्या ह्यांनी काय लिहून दिलं, तेवढं वाचून दाखवा की."

मूळ कागद माझ्याच फायलीत होता. मी वाचून दाखवला. अक्का मान हलवत ऐकत होत्या.

"सरी. बरोबर लिहिलंय. मग सोडत का न्हाईत?"

"अक्का, त्यांनी कबूलच केलंय ना. जेरबंद केला म्हणून."

"मग? जेरबंद करणार न्हाईत तर काय करतील? आमचा धंदाच तो."

"धंदा?" मी जरा चिडून म्हणालो. "माणसाला जेरबंद करायचं नसतं, अक्का. तो गुन्हा आहे."

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी डबा खाली ठेवला.

"माणसाला? अवो, माणसाला जेरबंद कुठनं घालणार? नाकाला बांधणार का पोटाला?"

त्यांनी माझा हात धरला नाही एवढेच, पण मला पुढे घालून फाटकाबाहेर नेले. तिथे जटक्यांचा अड्डा होता. एका लाल घोड्यापाशी उभ्या राहून त्यांनी बोट दाखवले. घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्यापासून एक चामडी पट्टी निघाली होती. पुढच्या दोन पायांमधून, छातीवरून ती वर जाऊन नाकावरच्या पट्ट्याला शिवलेली होती.

"मान वर टाकणाऱ्याला हा करतात. हा जेरबंद. वाचायला येतं तुम्हाला, आणि हे ठाव न्हाई?"

जटकेवाला वरून हसत होता. मी त्या पट्टीकडे बघत उभा होतो. त्याला कोट केला, त्याला अंगरखा केला, तसा त्याला जेरबंद केला. त्या 'केला'मध्ये काही चूक नव्हती. अण्णांनी शुद्ध मराठी लिहिले होते आणि मी ते मनातल्या मनात दुरुस्त करून त्यांना तुरुंगात ठेवले होते.

"मग आता सांगा साहेबांना," अक्का म्हणाल्या. "परवा रविवारी यशवंतपूरचे पाहुणे शांताला बघायला यायचेत. बाप घरात पाहिजे की नको?"

मी "सांगतो" म्हणालो. खरेच सांगायला म्हणून आत गेलो. कोर्ट चालू होते. मी आधी शिरस्तेदारांपाशी गेलो. ते कोर्टाचे मुख्य कारकून, म्हैसूरकडचे, वयस्क, माझ्यावर जीव असलेले. त्यांनी सगळे ऐकले, दार लोटून घेतले आणि कानडीत म्हणाले, "सुम्मने इरी. गप्प राहा. तुमची नोकरी अजून कायम नाही. सही करून दिलेले भाषांतर खोटे निघाले तर पहिला बळी तुमचा. खटला चालेल तेव्हा घोड्याचे आपोआप बाहेर येईल."

"पण तोवर ते आत राहतील."

"तोवर तुम्ही कायम व्हाल."

मी साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो आणि परत आलो. शनिवारी कोर्ट अर्धा दिवस असे. मी प्रकृतीचे कारण देऊन रजा टाकली आणि ग्रंथालयात जाऊन बसलो. एका जाड जुन्या कोशात शब्द सापडला. पहिला अर्थ घोड्याची पट्टी, दुसरा अर्थ काबूत आणणे. रविवार मी खोलीवर काढला.

सोमवारी कोर्ट बसल्याबरोबर मी उभा राहिलो. लेखी टिपण दिले. साहेबांनी ते दोनदा वाचले.

"शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत नव्हता?"

"एक माहीत होता, सर. इथे दुसरा होता."

"आणि हा 'ही' कुठून आला?"

"तो मी घातला, सर. मूळ कागदात माणूस की घोडा ते लिहिलेले नाही."

 साहेबांनी मूळ कागद मागवला, त्या ओळीवर बोट ठेवून मला ती मराठीत मोठ्याने वाचायला लावली, आणि मुनियप्पाला बोलवायला शिपाई पाठवला. मुनियप्पा आला तो रडतच. घोडा अण्णांकडे सोडून तो दोन दिवस होसकोट्याला कोंबड्यांच्या झुंजी बघायला गेला होता. बायकोला काय सांगावे सुचेना, म्हणून अण्णांचे नाव घेतले. तिने एवढे मनावर घेतले, की मागे फिरायला वाटच उरली नाही. अण्णा त्याच दुपारी सुटले.

मला मेमो मिळाला आणि कायम होणे सहा महिने पुढे गेले. नोकरी वाचली. साहेबांनी शेऱ्यात लिहिले, की भाषांतरकाराने ग्रंथालयात जाऊन अर्थ पडताळला आणि स्वतःहून चूक उघड केली, ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे. तो शेरा मी निपाणीला कळवला नाही. का, ते शेवटी कळेल.

सुटताना अण्णा माझ्यासमोर थांबले. खुंट वाढलेले, सदरा चुरगळलेला. मी हात जोडून काहीतरी पुटपुटलो. ते "सरी" एवढेच म्हणाले आणि निघून गेले. आदल्या दिवशी यशवंतपूरचे पाहुणे येऊन, कॉफी पिऊन, मुलीचा बाप कुठे आहे ते ऐकून उठून गेले होते.

दोन आठवड्यांनी मी शिवाजीनगरला गेलो. दुकानात वाकून जावे लागे. चारी भिंतींवर चामडे, वाखाचा दोरा, मेणाचा वास. अण्णा आरीने टाके घालत होते. वर न बघता म्हणाले, "बसा. जेरबंद पाहिजे का?"

मी म्हणालो, "शिकायला पाहिजे."

आता त्यांनी वर बघितले. "पगारी माणूस फुकट शिकायला आलाय," असे आतल्या अक्कांना ओरडून सांगितले. "कॉफी टाक."

पुढची आठ वर्षे, बंगळूरला असेन तो रविवार मी तिथे जात राहिलो. अण्णा वस्तू हातात द्यायचे आणि मी वहीत लिहायचो. पायबंद म्हणजे घोड्याच्या मागच्या पायांना बांधायचा दोर. वर्तमानपत्रात रोज कशाला तरी पायबंद घातलेला मी वाचत होतो, तो दोर कधी बघितला नव्हता. लगाम, वेसण, दावण, खोडा, मुसके. माणसाला ताब्यात आणायचे किती शब्द आपण गोठ्यातून आणि तबेल्यातून उचलले आहेत ते तिथे कळले. एकदा मी विचारले, "अण्णा, जेरबंदाने घोड्याला त्रास होत असेल?"

"आवळला तर होतो. आमच्या बापानं शिकवलंय, पट्टी आणि छाती यांच्यात मूठ गेली पाहिजे. मान खाली राहावी, पण श्वास अडू नये. तुमच्या कोर्टात मूठ जाती का?"

 त्याच आठवड्यात मी तक्ता भिंतीवरून काढला. त्यानंतर कागदात अनोळखी धंद्यातला माणूस आला, की मी त्या धंद्यातल्या कोणाला तरी गाठून विचारल्याशिवाय सही केली नाही. सोनार, कोष्टी, सुतार, एकदा तर गारुडी. कामाला वेळ लागे, शिरस्तेदार चिडवत, "आज कुठल्या शाळेत?" पण माझ्या सहीचे भाषांतर नंतर कधी खोटे ठरले नाही. एवढा अभिमान मी बाळगतो.

शांताताईंचे लग्न वर्षभराने होसकोट्याच्या चांगल्या घरात झाले. रिक्षा वाढल्या तसे जटके कमी झाले, अण्णा खोगिरांऐवजी शाळेची दप्तरे शिवू लागले. माझी बदली धारवाडला झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो, तेव्हा चार गिऱ्हाइके बसली होती. अण्णांनी त्यांना माझी ओळख करून दिली ती नेहमीच्याच शब्दांत. धारवाडला पोचल्यावर मी त्यांना पत्र लिहिले. भाषांतरकाराच्या सवयीने नक्कल ठेवली होती, ती इथे देतो. उत्तर आले नाही. अण्णांनी आयुष्यात एकदाच महत्त्वाचा कागद लिहिला होता आणि त्याचे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे.

तीर्थस्वरूप नागोजीअण्णा यांस, सा. न. वि. वि.

मी इथे सुखरूप पोचलो. खोली मिळाली आहे.

परवा दुकानात तुम्ही चार लोकांना सांगितलेत, की चूक कळल्याबरोबर आमच्या श्रीपतरावांनी नोकरीची पर्वा न करता कोर्टात उभे राहून सांगितले. तुम्ही हे गेली आठ वर्षे सांगता आणि मी मान खाली घालून ऐकतो. तुम्हाला तो माझा विनय वाटतो. तो विनय नाही.

मला शुक्रवारी दुपारी कळले होते. अक्कांनी मला घोड्याच्या छातीवरची पट्टी दाखवली, त्यानंतर काही शंका उरली नव्हती. शनिवारी कोर्ट दुपारपर्यंत चालू होते. मी आजारी नव्हतो. ग्रंथालयात मी अर्थ शोधायला गेलो नव्हतो. माझी चूक लहान दिसेल असे कुठे काही छापलेले आहे का, ते शोधायला गेलो होतो. ते मिळाले नाही. मग साहेबांनी त्याच शनिवारबद्दल मला शाबासकी दिली आणि मी ती घेतली.

रविवारी शांताताईंना बघायला पाहुणे येणार हे अक्कांनी मला सांगितले होते. ते माहीत असून मी रविवारभर खोलीत बसून राहिलो. शांताताईंचे पुढे चांगले झाले, पण त्यात माझा काही भाग नाही, आणि त्या रविवारी त्या पाहुण्यांसमोर एकट्या बसल्या त्यात आहे.

अक्कांना हे माहीत असणार. शुक्रवार आणि सोमवार त्यांना मोजता येतात. त्यांनी मला एकदाही विचारले नाही, दर रविवारी कॉफी दिली. म्हणून हे पत्र आधी त्यांना वाचून दाखवावे, आणि शांताताई माहेरी येतील तेव्हा त्यांनाही.

तुम्ही दुकानात माझ्याविषयी सांगू नये असे मी म्हणत नाही. सांगितलेत तर मला बरेच वाटेल. फक्त यापुढे असे सांगावे, की त्याला शुक्रवारी कळले आणि त्याने सोमवारी सांगितले.

आपला,
श्रीपती